सुजौच्या बागा निवांत बघायच्यात? मग या चुका टाळा

शांघायहून सकाळची गाडी पकडायची, दुपारपर्यंत चार बागा, मग म्युझियम, संध्याकाळी कालव्यातून नावेची फेरी आणि रात्री परत शांघाय. सुजौला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत असाच असतो, टूरवाल्यांच्या कार्यक्रमातही थोडाफार फरक करून हेच छापलेलं असतं. असा दिवस संपला की आठवतात त्या तिकिटाच्या रांगा आणि पुढे चालणाऱ्या गटाच्या एकसारख्या टोप्या. बागा मात्र एकमेकींत मिसळून जातात. कुठलं तळं कुठल्या बागेतलं, हे फोटो बघूनही सांगता येत नाही.

याचं कारण या बागांच्या बांधणीतच आहे. बीजिंगमधल्या बादशाही उद्यानांसारख्या त्या मिरवणुकीसाठी आखलेल्या नाहीत. दरबारातून निवृत्त झालेल्या, कंटाळून बाहेर पडलेल्या किंवा हाकलून दिलेल्या अधिकाऱ्यांची आणि पुढे श्रीमंत व्यापाऱ्यांची ही राहती घरं. एका बाजूला दिवाणखाने, माजघर, अभ्यासिका आणि त्यांना लागून तळं, खडकांचा डोंगर, मंडप. घरातल्या माणसाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खिडकीत बसावं, या हिशेबाने सगळं रचलेलं आहे. त्या बागा पळत पळत ‘उरकायला’ गेलं की त्या हाती लागत नाहीत. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा या उरकण्याच्या सवयीतून येतात. काही मात्र निव्वळ कागदपत्रांच्या आणि रेल्वेच्या आहेत, त्या आधी बघू.

व्हिसाचं गृहीत धरणं

चीनमध्ये काही देशांच्या प्रवाशांना तिसऱ्या देशात जाताना २४० तास, म्हणजे दहा दिवस, व्हिसाशिवाय थांबता येतं. इंटरनेटवर याचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि ते बघून आपल्यालाही ही सोय आहे असं अनेकांना वाटतं. त्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टवर सुजौला जायचं तर रीतसर व्हिसा काढूनच निघायचं. अमेरिकी पासपोर्ट असलेली आपली भावंडं किंवा मुलं सोबत असतील, तर त्यांना ही सवलत मिळू शकते. भारतातून शांघायला उतरून पुढे अमेरिकेला जाणं त्यात बसतं, कारण पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं असतं. घरातल्या अर्ध्यांना व्हिसा लागतो आणि अर्ध्यांना लागत नाही, अशी गंमत होऊ शकते. तेव्हा प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा तपासा. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गेच जायला हवं असं आता राहिलेलं नाही.

गावच चुकणं

हे विनोदी वाटेल, पण चीनमध्ये रोमन लिपीत अगदी सारखंच लिहिलं जाणारं दुसरं एक शहर आहे. ते आन्हुई प्रांतात, बरंच वर उत्तरेला. चिनी अक्षरं वेगळी, सूर वेगळा, पण परदेशी माणसाच्या फोनवर दोन्ही नावं एकसारखीच दिसतात. शांघायहून गाडी बघताना वेळ पंचवीस ते पस्तीस मिनिटं दाखवत असेल तर तुमचं सुजौ बरोबर आहे. काही तास दाखवत असेल तर थांबा.

गाव बरोबर आलं तरी स्टेशन उरतंच. जुन्या शहराच्या उत्तर वेशीला लागून असलेलं ‘सुजौ’ हे स्टेशन बागांसाठी सोयीचं. बीजिंग-शांघाय वेगवान मार्गावरच्या गाड्या मात्र ‘सुजौ उत्तर’ला थांबतात, आणि ते शहरापासून दहा-बारा किलोमीटर बाहेर आहे. तिथे उतरलात तरी आभाळ कोसळत नाही, दोन नंबरची मेट्रो आत आणून सोडते. पण शांघाय-सुजौ गाड्या इतक्या आहेत की हा वळसा मुद्दाम घ्यायचं कारण नाही. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळच ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको. आपोआप उघडणाऱ्या गेटने पासपोर्ट वाचला नाही, तर कडेला कर्मचारी बसलेली रांग असते, तिथे जायचं. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतात आणि मग विनवणीचा उपयोग होत नाही.

आणखी एक मोह. २०२३ पासून सुजौची ११ नंबरची मेट्रो शांघायच्या मेट्रोला जोडली गेली आहे. स्वस्त पडते, पण शांघायच्या मध्यातून सुजौच्या जुन्या शहरात पोहोचायला अडीच-तीन तास सहज जातात. ज्याला मेट्रोचीच हौस आहे त्याने जावं.

सुट्ट्या आपल्या बघून ठरवणं

आपण आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघतो, चिनी सुट्ट्या बघत नाही. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, १ मेच्या आसपासचे दिवस, चिनी नववर्ष आणि एप्रिलच्या सुरुवातीचा चिंगमिंगचा सण या काळात सुजौला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अवघा देश फिरायला निघतो, आणि शांघायहून अर्ध्या तासावर असलेलं हे शहर त्यांच्या यादीत वरचं असतं.

दिवाळीची सुट्टी त्या मानाने उत्तम. ऑक्टोबरचा पहिला आठवडा ओसरला की गर्दी उतरते, हवा कोरडी आणि गार होते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गिंको पिवळा होतो, मेपल लाल होतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा ओस्मँथसच्या फुलांचा काळ. फूल मोहरीएवढं, पण एक झाड अख्ख्या अंगणाला वास देतं. सुजौने याच फुलाला शहराचं फूल मानलं आहे. एप्रिलही चांगला, अझेलिया आणि विस्टेरिया फुललेले असतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर १ मेची गडबड टळल्यावर जा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथला ‘आलुबुखाराचा पाऊस’ असतो. झिमझिम, दमट, कपडे वाळत नाहीत. त्यानंतर कमळं ऐन भरात येतात, पण पारा ३५ च्या पुढे जातो आणि हवा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देते. कमळांसाठीच जायचं असेल तर सकाळी साडेसात ते साडेनऊ एवढाच काळ आपला समजायचा.

आठवड्याच्या दिवसांत मंगळवार ते गुरुवार बरे. सोमवारी सुजौ म्युझियम बंद असतं, आणि ते बागांइतकंच बघण्यासारखं आहे. प्रवेश फुकट असला तरी आधी वेळ नोंदवावी लागते. फुकट आहे म्हणून थेट दारात गेलेले कित्येक जण तिथूनच परततात.

सगळ्यात मोठ्या बागेत भर अकरा वाजता शिरणं

जुओजंग युआन ही सुजौतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात प्रसिद्ध बाग, सुमारे ५.२ हेक्टरची. इंग्रजीत तिला ‘नम्र प्रशासकाची बाग’ म्हणतात. मिंग काळात १५०९ च्या सुमारास वांग श्येनचन नावाच्या, दरबाराला विटलेल्या अधिकाऱ्याने ती करायला घेतली. त्याचा मित्र वन जंगमिंग हा त्या काळातला मोठा चित्रकार. त्याने १५३३ मध्ये या बागेतल्या ३१ जागा चित्रांत आणि कवितांत उतरवल्या. वांगच्या मुलाने ही बाग एका रात्रीत जुगारात घालवली, असं सांगतात. पुढे तिचे तुकडे झाले, मालक बदलले, १८६० मध्ये थाइपिंग बंडखोरांच्या सेनापतीने इथे आपला वाडा थाटला. आज दिसते ती बाग ही या सगळ्या थरांची आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली वेळेची. टूरचे गट नऊनंतर यायला लागतात, आणि दहा ते तीन या वेळात अरुंद पुलांवर वाहतूक कोंडी होते. प्रत्येक गाइडच्या गळ्यात स्पीकर. सकाळी साडेसातला दार उघडतं तेव्हा आत असाल तर पहिला तास-दीड तास बाग खरोखर तुमची. सकाळ जमत नसेल तर शेवटचे दोन तास घ्या, गट तोवर बसमध्ये बसलेले असतात.

दुसरी चूक दिशेची. दारातून शिरल्यावर आधी पूर्वेचा भाग लागतो. तो मोकळा, हिरवळीचा, १९५० च्या दशकात बराचसा नव्याने केलेला. लोक तिथेच थबकतात, फोटोंमागून फोटो काढतात, आणि बागेचा प्राण असलेल्या मधल्या भागात पोहोचेपर्यंत दमलेले असतात. सकाळी लवकर आलात तर पूर्व भाग सरळ ओलांडा. मधल्या भागाच्या पूर्व टोकाला, तळ्याच्या कडेला उभं राहून पश्चिमेकडे बघा. पाणी, कमळाची पानं, झाडं आणि त्यांच्या मागे नऊ मजली पॅगोडा. तो पॅगोडा बागेत नाहीच. उत्तर मंदिराचा तो ७६ मीटर उंच मनोरा एक किलोमीटरहून दूर, शहरात उभा आहे. बाग रचणाऱ्याने झाडांची रांग अशी मोकळी सोडली की मधलं शहर दिसूच नये आणि मनोरा आपल्याच तळ्यामागे असल्यासारखा वाटावा. बाहेरचं दृश्य उसनं घेण्याची ही युक्ती चिनी बागकामात जुनी आहे. ती आज पाच शतकांनीही चालते याचं श्रेय नगरपालिकेलाही द्यायला हवं. जुन्या शहरात २४ मीटरहून उंच इमारतींना परवानगी नाही. आपल्याकडे असा एखादा मनोरा असता तर त्याच्याशेजारी टॉवरची जाहिरात ‘पॅगोडा व्ह्यू’ म्हणून लागली असती.

पश्चिम भागात पंख्याच्या आकाराचा एक छोटा मंडप आहे. त्याचं नाव सू श्र या सोंग काळातल्या कवीच्या ओळीवरून घेतलेलं: कोणासोबत बसू? चंद्र, वारा आणि मी. छत, खिडकी, आतलं बाक, टेबल सगळं पंख्याच्या घाटाचं. तिथे लोक खिडकीच्या बाहेरून मंडपाचा फोटो काढून पुढे जातात. आत बसून खिडकीतून बाहेर बघितलं तर मंडप का बांधला ते कळतं. जवळच्या दिवाणखान्याच्या खिडक्यांना निळ्या काचा आहेत, त्यांतून बाग बर्फ पडल्यासारखी दिसते.

या एका बागेला तीन तास द्या. आणि त्या दिवशी दुसरी मोठी बाग ठेवू नका. म्युझियम भिंतीला भिंत लागून आहे, दुपारची वेळ त्यासाठी नोंदवा. २००६ मध्ये उघडलेली ही इमारत आय. एम. पेई या वास्तुशिल्पीची. पॅरिसच्या लूव्रचा काचेचा पिरॅमिड ज्यांनी केला, तेच. पेईंचं घराणं सुजौचं आणि शेजारची सिंहांची बाग एके काळी याच घराण्याच्या मालकीची होती. म्युझियमच्या अंगणात पांढऱ्या भिंतीसमोर कापलेल्या शिळांचा त्यांनी जो ‘डोंगर’ उभा केला आहे, तो सकाळी बघितलेल्या बागेनंतर बघितला तरच भिडतो. म्हणून क्रम आधी बाग, मग म्युझियम असा.

गुडघे विसरून सिंहांच्या बागेत जाणं

शीझलिन, म्हणजे सिंहांची बाग, १३४२ ची. एका बौद्ध भिक्षूने गुरूच्या स्मरणार्थ केलेली. ताइहू सरोवरातल्या सच्छिद्र चुनखडकांचा इथे भुलभुलैया आहे, वर-खाली जाणाऱ्या वाटा, बोगदे, पायऱ्या. खडकांमध्ये सिंहांचे आकार शोधायचा खेळ असतो. मुलं इथे बेहद्द खूश होतात, आणि मला विचाराल तर मुलं सोबत नसतील तर ही बाग सोडली तरी चालेल. वाटा अरुंद, छत बुटकं, दगड गुळगुळीत, पाऊस पडला की निसरडे. आई-वडिलांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी त्यांना तळ्याकाठच्या मंडपात बसवावं आणि नातवंडांना खडकांत सोडावं.

हे सगळ्याच बागांना थोडंफार लागू आहे. उंच उंबरठे, खडे बसवलेल्या जमिनी, कठडा नसलेले सपाट दगडी पूल. व्हीलचेअर बऱ्याच ठिकाणी अडते. नवे बूट घालून जाऊ नका.

लहान बागांना ‘वेळ उरला तर’मध्ये टाकणं

सुजौच्या नऊ बागा युनेस्कोच्या यादीत आहेत. १९९७ मध्ये चार नोंदवल्या गेल्या, २००० मध्ये पाच. लोक क्षेत्रफळाच्या उतरत्या क्रमाने जातात आणि तिसऱ्या-चौथ्या बागेपर्यंत दम संपतो. मी उलटं सुचवेन: दोन मोठ्या आणि दोन-तीन लहान, तेही दोन-तीन दिवसांत वाटून.

वांगशी युआन, म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्याची बाग, अर्ध्या हेक्टरच्या आसपास आहे. तरी आत हरवायला होतं. मध्ये एक तळं, सगळ्या खोल्या आणि मंडप त्याच्याभोवती. तळ्याच्या कोपऱ्यात इतका छोटा दगडी पूल आहे की दोन-तीन पावलांत संपतो. तळं मोठं वाटावं म्हणून पूल मुद्दाम लहान केलेला. शेजारच्या वास्तू पाण्यापासून मागे सरकवल्यात, कडेचे खडक बुटके ठेवलेत, आणि पाण्याचा एक फाटा पुलाखालून कुठे तरी पुढे जात असल्यासारखा वळवला आहे. प्रत्यक्षात तो तिथेच संपतो. अर्धा तास एका जागी बसल्याशिवाय ही हातचलाखी उमगत नाही.

याच बागेतल्या एका बाजूच्या अंगणाची प्रतिकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. सुजौच्या कारागिरांनी तिथे जाऊन बांधलेली, १९८१ मध्ये खुली झालेली. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुजौला जाण्याआधी एक शनिवार तिथे घालवावा. मूळ जागी गेल्यावर काय बघायचं याची नजर तयार होते.

वांगशीत वसंतापासून शरदापर्यंत सहसा रात्रीचे कार्यक्रम असतात. एका दालनात खुनछू नाट्याचा तुकडा, दुसऱ्यात फिंगथान हे सुजौच्या बोलीतलं गायन-कथन, तिसऱ्यात बासरी. प्रेक्षक गटागटाने दालनं बदलत जातात. भाषा कळत नाही म्हणून हे टाळू नका, मात्र दिवसभर चालून थकल्यावर जाऊ नका. त्या दिवशी दुपारी झोप काढा. दिवसाचं तिकीट रात्री चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

यी पू तर नकाशावर शोधूनही सापडत नाही अशा गल्लीबोळात आहे. सतराव्या शतकात ही बाग वन जंगमिंगच्या पणतूकडे होती. तिकीट जुओजंगच्या मानाने किरकोळ. पाण्यावर काढलेल्या लांबच लांब दालनात चहाघर आहे. शेजारपाजारचे आजोबा सकाळी येऊन खिडकीजवळची जागा धरतात, चहा घेतात, सूर्यफुलाच्या बिया सोलत गप्पा मारतात. तुम्हीही तेच करायचं. काचेच्या पेल्यात चहाची पानं टाकून देतात, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. पाणी संपलं की पुन्हा घालायचं, तासन् तास बसा, कोणी उठवत नाही. बी-लो-छुन हा इथला नावाजलेला हिरवा चहा, ताइहूच्या काठच्या टेकड्यांवरचा. त्यात दूध मागू नका.

त्सांगलांग थिंग ही यांतली सर्वांत जुनी. १०४५ च्या सुमारास सू शुनछिन या बडतर्फ अधिकाऱ्याने चाळीस हजार नाणी मोजून ही जागा घेतली. इथलं पाणी बागेच्या बाहेर आहे. कालवा ओलांडूनच आत शिरायचं. काठाने जाणाऱ्या पडवीच्या मधोमध भिंत आहे आणि भिंतीत जाळीच्या खिडक्या. एका बाजूने चालताना पलीकडचं पाणी तुकड्यातुकड्याने दिसतं, दुसऱ्या बाजूने बागेतला डोंगर. त्या खिडक्यांची नक्षी एकीची दुसरीला नाही. इथून वांगशी पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे या दोघींची एक सकाळ छान होते.

ओ युआन तिन्ही बाजूंनी कालव्याने वेढलेली. जुन्या शहरातल्या पिंगज्यांग रस्त्यावरची गर्दी असह्य झाली की पूर्वेला थोडं चालून इथे शिरायचं. ह्वानश्यू शानज्वांग मात्र फक्त खडकांच्या रचनेसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग यूल्यांग नावाच्या कारागिराने छोट्याशा जागेत दरी, गुहा, कडा असं सगळं बसवलं आहे. जाणकार या खडकांना सुजौतलं सर्वश्रेष्ठ काम मानतात. बागेत दुसरं फारसं काही नाही.

मोठ्यांपैकी दुसरी ल्यू युआन. १५९३ ची, जुन्या शहराच्या पश्चिमेला. आत शिरताना आधी अरुंद, काळोख्या वाटा लागतात. एक वळण, छोटं अंगण, पुन्हा वळण. मग अचानक तळं. या वाटेत लोक पुढच्याला ढकलत चालतात, कारण ‘बाग अजून सुरू झाली नाही’ असं वाटतं. ती सुरू झालेली असते. डोळ्यांना काळोखाची सवय करून मग उजेड दाखवायचा, हा बेत आहे. आतल्या अंगणात साडेसहा मीटर उंचीची एक शिळा उभी आहे. ताइहूचे खडक पारखताना ते सडपातळ हवेत, सुरकुतलेले हवेत, आरपार भोकं हवीत, पाणी झिरपण्याजोग्या वाटा हव्यात, असे निकष असत. ही शिळा त्या सगळ्यांत उतरते.

पाऊस आला म्हणून हॉटेलात बसणं

पावसात या बागा वाईट दिसत नाहीत, उलट काही जागा पावसासाठीच आहेत. जुओजंगमध्ये पाऊस ऐकायचं एक स्वतंत्र अंगण आहे, तिथे केळी आणि बांबू लावलेत ते थेंबांच्या आवाजासाठी. पडव्या छताखाली असल्याने बरीचशी बाग कोरड्या अंगाने फिरता येते, गट पांगतात, फोटोतल्या पांढऱ्या भिंती करड्या होऊन अधिक खुलतात. छत्री लहान घ्या, मोठी छत्री पडवीत अडचण करते. फक्त सिंहांच्या बागेतले खडक पावसात टाळा.

फोन आणि पैसे ऐनवेळी बघणं

गुगल आणि व्हॉट्सअॅप चीनमध्ये साध्या वायफायवर चालत नाहीत. भारतातून आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलंत तर सहसा चालतात. तरीही गुगलचा नकाशा तिथे विश्वासाचा नाही, तुम्ही कालव्यात उभे आहात असं दाखवतो. आयफोनवरचा अॅपलचा नकाशा बरा, आणि स्थानिक अॅमॅप सगळ्यात चांगला. प्रत्येक बागेचं आणि हॉटेलचं चिनी अक्षरांतलं नाव स्क्रीनशॉट काढून ठेवा. टॅक्सीवाल्यासमोर आपला उच्चार टिकत नाही.

पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅट ही चिनी अॅप निघण्याआधी घरीच सुरू करा, पासपोर्टची पडताळणी करून व्हिसा कंपनीचं कार्ड किंवा मास्टरकार्ड जोडा, आणि बँकेला सांगून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करून घ्या. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून तो नंबर तिथे जिवंत हवा. दोन-तीनशे युआन रोख असू द्या.

तिकिटांचं ऑनलाइन पान चिनी मोबाइल नंबर मागून अडलं, तर ट्रिप डॉट कॉमसारख्या अॅपवरून काढता येतात, नाहीतर पासपोर्ट घेऊन खिडकीवर जायचं. जुओजंगची तिकिटं सुट्टीच्या दिवशी संपतात. संपलीच तर दारातल्या दलालाकडून चढ्या भावाने घेऊ नका, त्या दिवशी ओ युआन किंवा यी पू करा आणि जुओजंग दुसऱ्या सकाळवर टाका. दुसरी सकाळ हातात असणं हाच तर मुक्कामाचा फायदा. स्टेशनबाहेर ‘स्वस्तात सगळ्या बागा दाखवतो’ म्हणणारे भेटतात. त्यांची फेरी बहुधा रेशमाच्या दुकानाशी किंवा नावेच्या महागड्या तिकिटाशी संपते.

शाकाहाराचा विचार जेवणाच्या वेळी करणं

सुजौची सकाळ नूडल्सने सुरू होते, पण तो रस्सा हाडांचा असतो. वर फक्त भाजी मागितलीत तरी खालचं पाणी शाकाहारी होत नाही. शाकाहारी मंडळींनी ल्यू युआनचा बेत जेवणाशी जोडावा. तिथून थोड्या अंतरावर शीयुआन हे बौद्ध मंदिर आहे, पाचशे अर्हतांच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. मंदिरात मिळणाऱ्या शाकाहारी नूडल्सना गावातले लोकही रांग लावतात. मंदिराच्या स्वयंपाकात परंपरेने अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. आवारात मांजरं भरपूर, लाडावलेली.

गोडाची हौस असेल तर कमळाच्या कंदात चिकट तांदूळ भरून ओस्मँथसच्या पाकात शिजवलेल्या चकत्या घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर ‘जी-थौ-मी’ नक्की खा. आपण उपासाला ज्या मखाण्याच्या लाह्या भाजून खातो, त्याच पाणवनस्पतीच्या या ताज्या, न फुलवलेल्या बिया. सुजौत त्या हलक्या गोड सूपमध्ये देतात. दाताखाली किंचित चिवट लागतात, लाह्यांशी चवीचं काही नातं जाणवत नाही.

मुक्काम लांब टाकणं

जिनजी तळ्याकाठची नवी हॉटेलं चकचकीत आहेत, पण सकाळी साडेसातला जुओजंगच्या दारात असायचं तर जुन्या शहरातच राहावं, पिंगज्यांग रस्त्याच्या आसपास किंवा मेट्रोच्या चार नंबरच्या मार्गावर. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सहा नंबरच्या मार्गाला थेट जुओजंग आणि म्युझियमचं स्टेशन आहे, त्यामुळे त्या मार्गावरचं हॉटेलही चालेल. खोली घेण्याआधी परदेशी पाहुण्यांची नोंदणी करतात ना, ते विचारून घ्या. अगदी छोट्या जागांना त्याची सवय नसते. पिंगज्यांगचा मुख्य रस्ता दिवसा आइस्क्रीम आणि भाड्याच्या पोशाखांनी भरलेला असतो. सकाळी आठच्या आत तोच रस्ता चालून बघा, किंवा आडव्या गल्ल्यांत शिरा.

नववी बाग, त्वेस युआन, शहरात नाही. ती थोंगली या पाण्यावरच्या गावात आहे, एका बडतर्फ अधिकाऱ्याने १८८५ च्या सुमारास करायला घेतलेली. चार नंबरची मेट्रो थोंगलीपर्यंत जाते, पुढे गावात शिरायला छोटी बस किंवा टॅक्सी लागते. शहरातल्या बागांच्या शेवटी दुपारची फट दिसते म्हणून तिला तिथे कोंबू नका. तिसरा दिवस असेल तर पूर्ण द्या, आणि नसेल तर शहरातल्या बागांवरच थांबा.